शिट्टीसरांचा वाचनतास

शाळेत त्यांना सगळे शिट्टीसर म्हणत. अर्थात मागे, तोंडावर नव्हे. पण मागून म्हटलेलं पुढे ऐकू येतंच, आणि त्यांची त्या नावाला हरकतही नव्हती. गळ्यात काळ्या नाडीची शिट्टी, अंगात धुऊन धुऊन विटलेला निळा ट्रॅकसूट, आणि आवाज असा की मैदानाच्या या टोकाला "पाय उचल!" म्हटलं तर त्या टोकाच्या कुत्र्यानंही ऐकावं. खेळ शिकवण्यात उभी हयात गेली होती. पुस्तकांशी त्यांचा संबंध एवढाच, की ट्रॉफ्यांच्या कपाटाचा एक पाय आखूड होता आणि त्याखाली कुठलंसं जाडजूड पुस्तक सरकवलेलं होतं.

त्यांची बायको गेली ती अगदी साध्या सकाळी. दूध तापत ठेवलं, जरा बसते म्हणाली, स्टुलावर बसली आणि बसलीच. सर आंघोळ करून बाहेर आले तेव्हा दूध उतू जाऊन गॅस विझला होता. त्यांनी आधी बटण बंद केलं आणि मग तिच्याकडे पाहिलं. हा क्रम त्यांना पुढे फार दिवस आठवत राहिला. वाईट वाटून नव्हे, नुसता आठवत राहिला.

नंतरचं सगळं त्यांनी नीट पार पाडलं. लेक दुसऱ्या शहरातून आली, नातेवाईक आले, शेजारणींनी डबे आणले. लेक ओक्साबोक्शी रडत होती आणि सर तिच्या पाठीवरून हात फिरवत होते. एका मेव्हण्यानं त्यांना गॅलरीत नेऊन सांगितलं, "भावोजी, रडून घ्या. साठवून ठेवू नका." सरांनी मान हलवली. साठवायला आत काही असायला तर हवं ना! दातांच्या डॉक्टरनं सुई टोचली की ओठ कसा आपलाच असून परका लागतो, चावला तरी कळत नाही, तसं त्यांचं झालं होतं. फरक इतकाच, की ती बधिरता दुपारपर्यंत उतरते. ही उतरेना.

लेक परत गेली. सर शाळेत रुजू झाले, तर शाळेत मैदानच नव्हतं. पाण्याच्या मोठ्या टाकीसाठी ते सगळं उकरून ठेवलेलं. मुलं वर्गात कोंडलेली, आणि सर कॉरिडॉरमध्ये शिट्टी चाळवत उभे. त्यातच भाषेच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर गेल्या. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सरांना बोलावून घेतलं.

"आठवीचा वाचनतास तुमच्याकडे देते."

"मी? अहो, मी पेपरसुद्धा शेवटच्या पानापासून वाचतो."

"काही शिकवायचं नाहीये. मुलं आपापल्या आवडीचं पुस्तक घरी वाचतात आणि तासाला त्याबद्दल बोलतात. तुम्ही नुसतं बसायचं आणि ऐकायचं."

नुसतं बसणं सरांना तेव्हा जमण्यासारखं होतं. ते हो म्हणाले.

वाचनतास ग्रंथालयाच्या खोलीत व्हायचा. कपाटांच्या मधोमध खुर्च्यांचा गोल. पहिल्या दिवशी सरांनी तो कवायतीसारखाच घेतला. "एकेकानं उठायचं. पुस्तकाचं नाव, पानं किती, संपलं की नाही. बसायचं. पुढचा!" बघता बघता अर्धा वर्ग आटोपला. मग एका मुलीनं हात वर केला. तिला सगळे वकील म्हणायचे. कारण सांगायची गरज पडू नये इतकी ती भांडायची.

"सर, ही तर हजेरी झाली. बाई असताना आम्ही बोलायचो."

"मग बोला."

"कशाबद्दल?"

"ते मला काय माहीत? तुमचा तास आहे."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. गोलकीपर होता, सरांच्याच संघातला, हातापायानं आडदांड. तो दबकत म्हणाला, "मी पंप दुरुस्तीचं वाचतोय. पंपाबरोबर येतं ना पुस्तक, ते."

"ते काय पुस्तक आहे?" वकील उसळली.

"छापलंय. पानं आहेत. अजून काय पाहिजे?"

"त्यात गोष्ट कुठाय?"

"आहे की. पंप बिघडतो. मग का बिघडला ते शोधायचं. आधी वाटतं वायर गेली, पण वायर नसते. मग वाटतं झडप. शेवटपर्यंत कळत नाही." गोलकीपर जरा थांबला. "मी तर एका बैठकीत वाचलं."

खोलीत हशा पिकला आणि मग जी जुंपली ती जुंपलीच. पुस्तक कशाला म्हणायचं? आवडलं नाही तर मध्येच सोडावं का? आणि सोडलं तर ते वाचल्यात धरायचं की नाही? सर खुर्चीत बसून होते. आवाज त्यांच्यापर्यंत येत होते, पण बंद खिडकीच्या पलीकडून यावेत तसे. तास संपल्याची घंटा झाली, मुलं गेली. खुर्च्या वेड्यावाकड्या झाल्या होत्या. त्या त्यांनी सरळ रेषेत लावल्या आणि मग आठवलं की गोलात लावायच्या असतात.

असे काही आठवडे गेले. सर नुसते बसत, मुलं बोलत. घरी आले की टीव्ही लावत, सामना बघत, आणि संपला की कोण जिंकलं ते त्यांना सांगता आलं नसतं.

मग एका तासाला, एरवी वर्गात शेवटच्या बाकावर बसणारी एक मुलगी उठली. ती मुलगी इतकी गप्प असायची की तिला टोपणनाव ठेवायचंही कुणाला सुचलं नव्हतं. तिनं वाचलेली गोष्ट एका आजारी भावाची होती, आणि वर्गातल्या निम्म्या मुली ती आधीच वाचून डोळे सुजवून बसल्या होत्या.

"मी सगळं वाचलं," ती म्हणाली. "तो मरतो ते पण वाचलं. मला काहीच वाटलं नाही."

"काहीच नाही?" वकिलानं विचारलं. "अगं, मी उशी भिजवली!"

"काहीच नाही."

"म्हणजे तू नीट वाचलंच नसशील. किंवा तुला मनच नसेल."

सरांची बोटं शिट्टीच्या नाडीवर थांबली. त्यांनी काही ठरवलं नव्हतं, पण मैदानातला तो आवाज आपोआप निघाला. "ए! ती काय वाटलं ते सांगतेय. नाही वाटलं, तर नाही वाटलं. बस, बाळ."

ती मुलगी खाली बसली. गोलकीपरनं घसा खाकरला. "माझं पण असं होतं. आपण फायनल हरलो ना, तेव्हा दोन दिवस मला काहीच वाटलं नव्हतं. मस्त जेवत होतो. मग तिसऱ्या दिवशी आईनं माझा पायमोजा फेकून दिला, फाटका होता, आणि मी असला रडलो, असला रडलो की शेजारचे आले."

"पायमोज्यासाठी?"

"तेच तर ना. आई पण म्हणाली, पायमोज्यासाठी?"

मुलं हसली. वकिलाला मात्र अजून चैन पडत नव्हतं. आपली बाजू पडते आहे असं दिसलं की ती नवा साक्षीदार बोलावायची. ती सरांकडे वळली.

"सर, तुम्ही कधीच सांगत नाही. तुम्ही काय वाचताय सध्या?"

आता काहीच नाही म्हणावं, तर ज्यांना वाचायला लावायचं त्यांच्यासमोर ते बरं दिसेना. "आहे एक," सर म्हणाले. "घरी आहे."

आणि होतंही. फ्रिजवर, औषधांच्या डब्याशेजारी. बायकोनं सार्वजनिक वाचनालयातून आणलेली कादंबरी. ती गेल्यापासून ते पुस्तक तिथंच पडून होतं. धूळ झटकताना सर ते उचलत आणि परत तिथंच ठेवत.

त्या संध्याकाळी त्यांनी ते खाली काढलं आणि सगळ्यात आधी शोधलं काय, तर ती कुठवर आली होती ते. काही सापडलं नाही. तिला पानाचा कोपरा दुमडलेला खपत नसे. खूण म्हणून कागदही घालायची नाही. सरांनी एकदा विचारलंही होतं, तर म्हणाली, "गाणं म्हणता म्हणता थांबले तर कुठल्या ओळीवर थांबले ते विसरेन का मी?" पुस्तक उभं धरून आपोआप कुठं उघडतं ते त्यांनी पाहिलं. एकदा एका पानावर उघडलं, दुसऱ्यांदा भलत्याच. मग पहिल्यापासून वाचण्यावाचून इलाज नव्हता.

वाचताना त्यांच्या नाकी नऊ आले. एक परिच्छेद संपायचा आणि पुढच्यात ही बाई कोण म्हणून मागे यावं लागायचं. गोष्ट एका म्हाताऱ्याची होती. मुलं राहतं घर विकायला काढतात, म्हाताऱ्याचा विरोध. घरात एक सून, वर्तमानपत्राला इस्त्री करून मगच वाचणारी. तिथं सर थबकले. ही इस्त्रीवाली सून त्यांना माहीत होती. कुठून? मग लक्षात आलं. जेवताना बायको सांगत असायची. ताट पुढे, डोळे टीव्हीवर, आणि शेजारून तिचा आवाज. "ऐकताय ना?" "हं." "मग काय झालं माहितीये?" "हं." तो हं त्यांच्या तोंडात इतका बसला होता की बायको दळण आणायला सांगायची तेव्हाही हं, आणि दळण राहून जायचं.

आता मात्र पानोपानी ओळखीचं भेटायला लागलं. जिना चढताना स्वतःलाच शाबासकी देणारा जावई. कर्ज बुडवून तोंड लपवणारा धाकटा. आणि मग घर रिकामं करायच्या दिवशी म्हातारा न्हाणीघरात शिरतो, आतून कडी लावतो, आणि बाहेर यायला साफ नकार देतो. शेजारी वरच्या झरोक्यातून त्याला उकडलेली अंडी आणि चहाचा थर्मास दोरीनं सोडतात. हे सांगताना बायको किती हसली होती! हसता हसता ठसका लागला होता तिला. सरांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला होता. नजर सामन्यावरच.

न्हाणीघराच्या पुढचं मात्र काहीच ओळखीचं नव्हतं. एकही माणूस, एकही वाक्य. सरांनी दहाबारा पानं पुढे वाचली, आणि मग पुस्तक मिटलं. म्हणजे इथवर आली होती ती. सापडली जागा. त्यांना वाटलं, आता काहीतरी होईल. वाट पाहिली. शेजारच्या घरात कुणीतरी खुर्ची ओढली. त्यापलीकडे काही झालं नाही.

पुढच्या तासाला त्यांनी हे मुलांना सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं, पण वकिलानं खुर्ची सरसावून "सर, आज तुमची पाळी" म्हटलं आणि ते बोलत गेले. पुस्तक माझ्या बायकोचं, ती आता नाही, कुठवर वाचलं होतं ते कळत नव्हतं, अमुक ठिकाणी कळलं. हजेरी घेण्याच्याच आवाजात त्यांनी सांगितलं. मुलं एरवी चुळबुळ करतात, आज केली नाही.

"पण सर," वकील हळू आवाजात म्हणाली. हळू बोलणं तिला जमतं हे वर्गाला त्या दिवशीच कळलं. "ती तिथंच थांबली होती कशावरून? तुम्ही तिथून ऐकायचं बंद केलं असेल तर?"

गोलकीपरनं तिला कोपरानं ढोसलं. "गप ना!"

"मी भांडत नाहीये. मी विचारतेय."

"बरोबर आहे तिचं," सर म्हणाले. "मला माहीत नाही."

शेवटच्या बाकावरची म्हणाली, "मग उरलेलं वाचा ना, सर. तुम्हालाच आठवेल. कधी कधी ऐकलेलं असतं, पण आपल्याला माहीत नसतं."

त्यावर बराच खल झाला. न ऐकता ऐकलेलं डोक्यात राहतं का? एक म्हणाला राहतं, त्याला जाहिराती पाठ आहेत. दुसरी म्हणाली मग भूमिती का राहत नाही? सर ऐकत होते. आपल्या घरातली गोष्ट ही पोरं अशी हातात घेऊन उलटीसुलटी करून बघताहेत, आणि आपल्याला राग येत नाही, रडू येत नाही, नवल तेवढं वाटतंय, असं त्यांच्या मनात आलं. नवल तरी वाटलं हेही त्यांच्या उशिरानंच लक्षात आलं.

उरलेलं पुस्तक त्यांनी रविवारपर्यंत वाचून काढलं. म्हातारा न्हाणीघरात बसून राहतो, झरोक्यातून एकेक नातेवाईक येऊन आपलं गाऱ्हाणं सांगून जातो, जुनी भांडणं निघतात, मिटतात, नवी लागतात. एक शब्दही सरांना ऐकल्यासारखा वाटला नाही. रविवारी लेकीचा फोन आला. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, हे ठरलेलं झालं. एरवी इथं फोन संपायचा. या वेळी सर म्हणाले, "मी आईचं ते पुस्तक वाचलं."

"कुठलं?"

"म्हातारा आत कोंडून घेतो ते. तिचं अर्धंच राहिलं गं. तो आत जातो तिथवरच वाचलं होतं तिनं."

"नाही हो, बाबा. आईनं ते कधीच संपवलं होतं. मागच्या वर्षी. शेवट सांगितला होता मला फोनवर. पुन्हा वाचायला म्हणून आणलं होतं तिनं ते. आवडलं की दोनदोनदा वाचायची ना ती."

सर स्वयंपाकघरात उभे होते. त्यांनी ओट्याला हात टेकला.

"मग मला का नाही सांगितला शेवट?"

"तुम्हीच नको म्हणालात. आई सांगत होती मला. म्हणाली, आज तुझे बाबा म्हणाले, शेवट सांगू नकोस, मी वाचणार आहे. खूश झाली होती. म्हणाली, बघ, या वयात माणूस वाचायला लागला."

सरांना ते आठवलं. सामन्याची शेवटची षटकं चालली होती. ती बोलायची थांबेना, म्हणून त्यांनी सुटका करून घ्यायला तोंडाला येईल ते म्हटलं होतं. शेवट सांगू नकोस, मी वाचणार आहे. ती लगेच गप्प झाली होती. किती सहज सुटलो, असं त्यांना तेव्हा वाटलं होतं.

"बाबा? आहात ना?"

"आहे. मी वाचलं," ते म्हणाले. "शेवटसुद्धा."

"मजा आहे ना शेवटाला?"

"हं," सर म्हणाले. मग तो हं त्यांचा त्यांनाच खटकला. "हो. मजा आहे. ते पोरगं येतं ते."

मग बापलेक त्या पोराबद्दल बोलत राहिले. लेक मध्येच रडायला लागली, मध्येच हसायला. सर रडले नाहीत. फोन ठेवल्यावर त्यांनी अंडी उकडायला टाकली आणि ती होईपर्यंत तिथंच उभे राहिले, गॅसकडे बघत.

पुढच्या तासाला त्यांनी लेकीच्या फोनचं सांगितलं आणि मग शेवटही, कारण मुलं सोडणारच नव्हती. घर विकलं जातं. नवीन माणसं सामान घेऊन येतात. वकील झाले, पोलीस झाले, मुलगे पाया पडून झाले, म्हातारा काही बाहेर येत नाही. मग नव्या लोकांचं एक लहानसं पोरगं दार वाजवतं आणि म्हणतं, "आजोबा, लवकर! मला जोराची लागलीये!" आणि म्हातारा ताडकन उठून कडी काढतो.

वर्ग खो खो हसला. गोलकीपर तर खुर्चीवरून खाली यायचा बाकी राहिला. आणि त्या हसण्यात सरांना एक जाडाभरडा, गंजल्यासारखा आवाज ऐकू आला. तो आपला आहे हे कळायला त्यांना थोडा वेळ लागला.

"म्हणजे काकूंनी पूर्ण वाचलं होतं," वकील म्हणाली. "मग माझंच बरोबर निघालं." आणि लगेच तिचा चेहरा पडला. "सॉरी, सर."

"सॉरी कशाला? बरोबर ते बरोबर."

"पण तुम्हाला वाईट वाटलं असेल."

सरांनी खरंच विचार करून पाहिला. जिभेनं दात चाचपावा तसं आत चाचपून पाहिलं. "अजून नाही," ते म्हणाले.

शेवटच्या बाकावरच्या मुलीनं हळूच मान हलवली, दोघांचं काही ठरलेलं असल्यासारखी. मग खिडकीपाशी बसलेला एक काटकुळा मुलगा, ज्याची पाळी तीनदा हुकली होती, धीर करून उठला. त्याच्या हातात पूल कसे बांधतात त्याचं पुस्तक होतं. नदीवरचे, खाडीवरचे, झुलते, दगडी. तो भराभर सांगायला लागला. थांबलो तर कुणीतरी पाळी घेईल अशी त्याला भीती असावी. खोल पाण्यात खांब उभा करायचा तर आधी पोलादी पत्र्यांचा गोल कठडा ठोकतात, आतलं पाणी उपसतात, आणि मग माणसं नदीच्या तळाशी कोरड्यात उतरून काम करतात, भोवती सगळीकडून पाणी.

"थांब," सर म्हणाले.

मुलगा दचकला. त्याला वाटलं वेळ संपली.

"पत्र्यांच्या सांध्यातून पाणी आत येत नाही?"

"येतं, सर. झिरपतं. म्हणून पंप सारखा चालू ठेवतात."

"आणि पंप बंद पडला तर?"

गोलकीपर सावरून बसला. सरांनी आपली खुर्ची गोलात पुढे ओढली. "फळ्यावर काढून दाखव बरं," ते म्हणाले. पोरगं खडू शोधायला धावलं.